दुधावरचे उंदीर

मॅडम,

उंदीर हातात कसा धरायचा हे मी अजून विसरलेले नाही. गेल्या आठवड्यात धान्याच्या डब्यामागून उंदराचं पिल्लू निघालं. मुलगा खुर्चीवर चढला, हे झाडू शोधायला गेले, आणि मी खाली बसून हात पुढे केला. तळहात उताणा, बोटं सैल, अंगठा बाजूला. पिल्लू अर्थातच ओट्याखाली पळालं. "आई, ते तुझ्या कॉलेजातलं नाहीये," मुलगा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. नंतर मात्र बराच वेळ नुसती ओट्याशी उभी होते. इतकी वर्षं डायरीत रोज काही ना काही लिहिते, पण तुमच्याबद्दल लिहायला घेतलं की दोन ओळींत थांबते. डायरी माझीच असते, तिथे मला कुणी अडवत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिथे मी स्वतःला सोडून देते. तुम्हाला लिहिताना तसं सोडता येणार नाही, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

कॉलेजातली तुमची ती पत्र्याची खोली आता नाही. सायकल स्टँडच्या मागची जागा सपाट करून तिथे मोटारसायकली लावतात. मला मात्र ती नव्वदच्या दशकातली खोली दिसते. पत्र्यावर ओली पोती टाकलेली, दाराशी भुशाचं पोतं, आत ओळीने पिंजरे, आणि दुधाचा, भुशाचा, ईथरचा मिळून झालेला एक वास, जो घरी गेल्यावर माझी आई लांबूनच ओळखायची. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. पुढे शिकवायचं की उजवून टाकायचं, याचा निर्णय वडगाव निंबाळकरला आमच्या घरी होत नव्हता. तुम्ही म्हणालात, "त्यांचं ठरेपर्यंत माझ्याकडे येत जा. रिकामी बसू नकोस." मी येत गेले. तुमची पीएच.डी. तेव्हा कित्येक वर्षं रखडलेली होती. आधी नोकरी, मग भावांची शिक्षणं, मग वडिलांचं आजारपण. विद्यापीठाने वाढवून दिलेली शेवटची मुदत येत्या उन्हाळ्यात संपणार होती.

तुमचा प्रश्न तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलात, आणि इतक्या सोप्या शब्दांत सांगितलात की मला वाटलं, याला काय उत्तर शोधायचं. अंगातलं रक्त कमी झालं की हाडाच्या आत, मज्जेत जे रक्त असतं तेही तितकंच कमी होतं का? की रक्त तयार करण्याची जागा म्हणून हाड आपला वाटा राखून ठेवतं? उंदराचं दूध सुटलं की त्याला पुढे फक्त गाईच्या दुधावर ठेवायचं. दुधात लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे उंदीर हळूहळू पांढरा पडत जातो. आधी कान, मग नाक, मग पंजे. मग ईथरची भूल देऊन त्याच्या शेपटीच्या शिरेत निळा रंग सोडायचा, तो रक्तात सगळीकडे मिसळू द्यायचा, आणि मागचा पाय तत्क्षणी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा, म्हणजे हाडातलं रक्त जिथे आहे तिथेच थांबतं. मांडीचं हाड फोडून मज्जा काढायची, वजन करायची, तिच्यात किती निळा उतरला ते पाहायचं, आणि रक्ताच्या एका थेंबात किती निळा होता त्याच्याशी ताडायचं. मज्जेत रक्त किती, ते त्यातून कळतं. गव्हाच्या दाण्याहून फार मोठा नसलेला तो ऐवज तुम्ही काट्यावर ठेवायचात तेव्हा पंखा बंद करायला लावायचात, आणि मी श्वाससुद्धा तोंड फिरवून घ्यायचे.

नायट्रोजन आणायला आपण भवानीनगरच्या अलीकडच्या रेतन केंद्रात जायचो. तिथे वळूंचं वीर्य गोठवून ठेवत, आणि तिथले डॉक्टर तुमच्या गावाकडचे, म्हणून आपला कॅन भरून मिळे. परत येताना एसटीत तो कॅन पायांमध्ये धरून बसायचं. झाकण घट्ट लावायचं नसतं, त्यामुळे त्यातून धूर निघे. एकदा कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"काय हाय ह्यात, मॅडम? पेटलंय का काय?"

"पेटलेलं नाही. गार आहे. बर्फाहून गार."

"आन् धूर कशाचा मग?"

मागच्या सीटवरचे एक आजोबा म्हणाले, "आरं, गाईचं इंजिक्शान हाय त्ये. आमच्या गोठ्यात येतंय की ती गाडी."

कंडक्टरने एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा आपल्या दोघींकडे. "मंग ह्याचं हाफ तिकीट काढू का, का किती जीव हायती आत?" सगळी गाडी हसली. तुम्ही तर इतक्या हसलात की पदराने डोळे पुसायला लागलात. वर्गात तुम्हाला कुणी तसं हसताना पाहिलेलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर लोक तुमच्या शिस्तीबद्दल पुष्कळ बोलले. मला तो एसटीतला पदर आठवत होता.

तुमच्या शिस्तीचा पहिला फटका मला हातमोज्यांवरून बसला. उंदीर चावेल म्हणून मी घरून जाड हातमोजे आणले होते. तुम्ही दारात उभ्या होतात. "काढ ते," म्हणालात. मी म्हटलं, "मॅडम, चावला तर?" तुम्ही म्हणालात, "चावला तर तुझं चुकलं असं समज. त्याला तुझा हात कळू दे. रोज घ्यायचं, रोज. ज्या हाताला तो ओळखतो त्याच हातात तो शेवटी असला पाहिजे. घाबरलेल्या जनावराचं रक्त जागेवर राहत नाही, आणि मग आपण मोजतो ती त्याची भीती." मी हातमोजे काढले. पुढे ते उंदीर माझ्या बाहीत शिरून झोपायला लागले, आणि त्यांना शेवटी मारायचंच आहे या विचाराने मला रात्रीच्या जेवणाआधी रडू यायला लागलं. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही समजूत घातली नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "मलाही होतं तसं. त्याचा मोजण्यावर परिणाम होत नाही, म्हणून मी होऊ देते." या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आपलं ते जवळ घेणं माया होती की पद्धतीचा भाग होता? मी बरेचदा स्वतःला विचारते. दोन्ही होतं म्हटलं की सुटका होते, म्हणून मी तसं म्हणत नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या इमारतींना रंग द्यायचं निघालं. रंगाच्या वासात उंदीर टिकणार नाहीत म्हणून दुधावरचे पिंजरे तुम्ही टेंपोत घालून इंदापूरला तुमच्या आईकडे नेलेत. शेवटचा गट होता तो. त्यांची मोजणी झाली की प्रबंध लिहायला बसायचं होतं. तुम्हाला पेपर तपासायला पुण्याला जायचं होतं आणि मला सणाला घरी. आजींना तुम्ही दोनदा समजावलंत: फक्त दूध, आणि ह्या बाटलीतलं पाणी. बाकी काही नाही.

"भाकरीचा तुकडाबी न्हाय?"

"नाही, आई."

"आन् ह्ये घरात पाळायचं? आमी जल्मभर उंदरामागं काठी घिऊन पळालो, आन् तू त्येनला दूध पाजतीस!" मग माझ्याकडे वळून, "हिला सांग गं पोरी, लोकं हासत्यात." पण हासत्यात म्हणताना त्या स्वतःच हसत होत्या. लेक डॉक्टर होणार म्हणून उंदरांची बडदास्त ठेवायची, हे त्यांना मनापासून मान्य होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उसात खुरपून त्यांनी तुम्हाला शिकवलं होतं. या शेवटच्या कामात आपलाही हात लागतोय याचा त्यांना अभिमान होता, तो लपत नव्हता. निघताना मी पिशवीतून गुळाची लहान ढेप काढून त्यांच्या हातात दिली. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळीला रिकाम्या हाताने कुणाच्या घरी कसं जायचं, एवढाच विचार मी केला होता.

सुट्टी संपल्यावर आपण दोघी त्यांना आणायला गेलो तो दिवस मी डायरीत काढून पाहिला. तिथे फक्त "इंदापूर. ऊन फार" असं आहे. पण मला अंगण दिसतं. आजी दारात उभ्या आहेत, हात कमरेवर. बाहेरून आलेल्या माणसाला त्यांच्याकडे आधी गूळ आणि पाणी मिळतं, तसं आपल्याला मिळतं. तुम्ही वाटी खाली ठेवता, पिंजरा उघडता, एक उंदीर तळहातावर घेता आणि उजेडाकडे धरता. त्याचा कान गुलाबी आहे. तुम्ही दुसरा घेता. तिसरा घेता. मी तुमच्या मागे उभी आहे आणि मलाही दिसतंय, आणि मला वाटतंय की तुम्ही काही बोलू नये.

"बघ, कशी टवटवीत झाल्यात," आजी म्हणतात. "तू गेलीस तवा पांढरीफटक हुती. माज्या जिवाला बरं वाटंना. उनातनं आल्याली माणसं आपन उपाशी ठिवतो का? रोज सांच्याला जरा जरा गुळाचं पानी दिलं. ह्या पोरीच्याच घरचा गूळ. लई मायाळू हायती, हातावर यिऊन पित्यात."

गुळात लोह असतं. लोखंडी काहिलीत आटवलेल्या गुळात तर असतंच असतं. हे तुम्हाला माहीत होतं, मलाही होतं. तुम्ही उंदीर हळूच पिंजऱ्यात ठेवलात, कडी लावलीत आणि उठून आजींच्या खांद्यावर हात ठेवलात. "छान सांभाळलंस, आई," म्हणालात. तुमच्या आवाजात काहीही नव्हतं. मी आजवर ऐकलेल्या आवाजांत तो सगळ्यात सरळ आवाज होता. माझ्याकडे तुम्ही पाहिलं नाहीत. पाहिलं असतं तर मी तिथेच रडले असते, हे तुम्हाला कळलं असणार.

टेंपोत पिंजऱ्यांपाशी बसून आपण परत आलो. बराच रस्ता मागे पडल्यावर तुम्ही म्हणालात, "आईला हे कळता कामा नये. आज नाही, पुढेही नाही." मी म्हटलं, "मॅडम, गूळ मी..." तुम्ही मला पुरं बोलू दिलं नाहीत. "तू पाहुणी म्हणून गेलीस. पाहुण्याने काय न्यायचं ते नेलंस. आता तो विषय नाही." आणि खरंच तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटी स्टँडजवळच्या फोनच्या बूथमधून पुण्याला तुमच्या गाइडना फोन केलात. मी बाहेर उभी होते. काचेचं दार नीट लागत नव्हतं. तुमचं बोलणं मला ऐकू येत होतं, त्यांचं नाही, पण तुमच्या उत्तरांवरून ते काय म्हणत असतील ते कळत होतं. "हो सर, मुदतीचं मला माहीत आहे... नाही, दुधावरच होते असं कसं लिहू?... बरोबर आहे सर, कुणाला कळणार नाही... सर, मला कळलंय ना." मग बराच वेळ तुम्ही नुसतं ऐकत होतात. शेवटी म्हणालात, "तुम्ही माझ्या भल्यासाठीच सांगताय. पण माझा प्रश्न रक्त नसलेल्या जनावराचा आहे. ह्यांना रक्त आहे." बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "चहा घेऊ या." बशीत सांडलेला चहा तुम्ही बशीतूनच प्यायलात.

ते गाइड वाईट नव्हते. मला आता वाटतं, ते बिचारे तुमच्यासाठीच म्हणत होते, आणि त्या वयात मलाही ते म्हणतात तेच पटत होतं. इतके उंदीर आधी मोजून झालेले, एका गटाच्या गुळाकडे काणाडोळा केला तर असं काय होणार होतं! मी तसं तोंडाने बोलले नाही. पण तुमच्यासारखी वागले असते का, असं स्वतःला विचारलं तर उत्तर पटकन येत नाही. तुम्ही ते उंदीर वेगळे काढलेत. त्यांना साधं खाणं सुरू केलंत. नवी पिल्लं आणलीत आणि पुन्हा दुधापासून सुरुवात केलीत. विद्यापीठाला आणखी मुदत द्या म्हणून अर्ज केलात, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागलात. नवे पिंजरे तुम्ही कुठेही हलवले नाहीत. उन्हाळा चढू लागला तशी पत्र्यावरची पोती आपण आलटून पालटून भिजवायला लागलो.

पोटात दुखतं हे तुम्ही होळीच्या आसपास पहिल्यांदा बोललात, आणि तेही मी विचारलं म्हणून. "हा गट होऊ दे, मग दाखवते." तुम्ही दाखवलंत तेव्हा पुण्याला न्यावं लागलं. मी दवाखान्यात भेटायला आले तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो. तुमचे कान. माणसाचे कान इतके पांढरे होऊ शकतात हे मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि माझी नजर तिथेच का गेली याची मला लाज वाटली. तुमच्या ते लक्षात आलं. "पाहू नकोस," तुम्ही हळूच म्हणालात, आणि थोडं हसलात. मग विचारलंत, "रोज घेतेस ना त्यांना हातात?" मी म्हटलं, घेते. "सोडू नकोस. मी येते." तुम्ही आला नाहीत. नवा गट मोजायच्या अवस्थेला पोचला होता. मला पद्धत येत होती, निदान येते असं वाटत होतं. पण शेपटीच्या शिरेत सुई घालायला तुमचा हात लागायचा, आणि काम तुमच्या नावावरचं होतं. विभागाने खोली रिकामी करायला सांगितली तेव्हा मी त्या उंदरांना धान्य सुरू केलं. त्यांचे कान गुलाबी झाले आणि ते दुसऱ्या एका कॉलेजात गेले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर राहिलं. हाड आपला वाटा राखून ठेवतं की नाही, हे तुमच्या उंदरांपुरतं तरी मला माहीत नाही.

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मी इंदापूरला गेले. अंगणात मांडव होता, पांढऱ्या साड्यांतल्या बायका ओळीने बसल्या होत्या, बुद्धवंदना झाली, लोक बोलले. कुणीतरी भाषणात तुम्हाला "आपल्या समाजातल्या पहिल्या" असं काहीतरी म्हणालं आणि मध्येच अडखळलं, कारण पुढचा शब्द खरा आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. जेवणं झाल्यावर आजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्या रडत नव्हत्या. बाजेवर बसल्या होत्या आणि मला शेजारी बसवून माझा हात मांडीवर धरून होत्या.

"पोरी, तू हुतीस तिच्या संगट. खरं सांगशीला?"

"विचारा, आजी."

"त्या सुट्टीनंतर तिनं पिंजरं परत हितं आणलं न्हाईत. मी लई येळा म्हनलं, आन म्हनून. तर म्हनायची, नगं आई, तुला तरास. तसली न्हवती ती तरास बघनारी. माज्याकडनं काय चुकलं हुतं का गं? माज्यामुळं तर राह्यलं न्हाय न्हवं तिचं?"

मॅडम, मी एवढंच आधी सांगते की मला विचार करायला वेळ मिळाला होता. घाईत तोंडून गेलं असं म्हणता येणार नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "राहिलं कुठे, आजी? पुरं झालं. दवाखान्यात जायच्या आधीच झालं होतं."

"म्हंजे डाक्टर झाली ती?"

"झाल्या."

माझा हात त्यांनी तोंडाशी नेला आणि मग त्या रडल्या. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच, असं तुमच्या वहिनी नंतर म्हणाल्या.

एका गटाचा गूळ कुणाला कळला नसता, तरी तुम्ही तो लपवला नाहीत. त्याची किंमत तुम्ही भरलीत. आणि मी तुमच्याच घरात, तुमच्याच नावाने, तुम्ही कधी लिहिला नसता तो शब्द लिहून टाकला. त्यांना कळता कामा नये हे तुम्हीच सांगितलं होतं, असं मी स्वतःशी म्हणते. पण तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतं, खोटं बोलायला नाही. यातला फरक तुम्ही मला चहाच्या टपरीवर समजावून सांगितला असतात. आणि दुसरंही आहे. गूळ माझ्या घरचा होता. त्या बाजेवर मी आजींना सोडवत होते की स्वतःला, हे मी पुष्कळदा तपासलं. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येतं, आणि ज्याची मोजणी दर वेळी वेगळी येते ते निष्कर्षात घ्यायचं नाही, हेही तुमचंच.

पुढच्या वर्षी मी आजींना भेटायला गेले. भिंतीवर तुमचा फोटो मोठा करून लावला होता. खाली पेंटरने पांढऱ्या अक्षरांत तुमचं नाव लिहिलं होतं, आणि नावाच्या आधी, इतरांपेक्षा जरा मोठं, "डॉ." आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी पदराने काच पुसली आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं. "हितंच लिवलंय न्हवं?" मी म्हटलं, "होय आजी, इथेच." आजीही आता नाहीत. फोटो तुमच्या भावाकडे आहे आणि त्याखालचं अक्षर तसंच आहे. त्यांची मुलं आत्या डॉक्टर होती असं शाळेत सांगतात. मी एका शब्दात ते दुरुस्त करू शकते. केलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून ते घडी घालून डायरीच्या पानांत ठेवेन. तुम्ही असतात तर तुमच्यासमोर एवढं बोलण्याची माझी हिंमत झाली नसती. आजींनी बोट ठेवलं तेव्हा मला अपराधी वाटायला हवं होतं, आणि मी त्या वाटण्याची वाट पाहत उभी होते. ते आलं नाही. मी ते अक्षर पुन्हा एकदा, तुमच्या नावासकट, मनात वाचलं, आणि मॅडम, मला फार बरं वाटलं.